भिंतीचा वाटा

गेल्या दिवाळीत भाऊबिजेच्या दिवशी आमची थोरली नात पुण्याहून आली होती. फराळ चालला होता. चकलीचा तुकडा मोडता मोडता ती म्हणाली, "अप्पा, हिंजवडीच्या बाजूला एक छोटा फ्लॅट बघून ठेवलाय. आम्हाला राहायला नाही, भाड्यानं द्यायला. दर महिन्याला घरबसल्या पैसे येतील. तुमचं काय मत?"

घरातल्या प्रत्येकाला मत होते, व ते प्रत्येकाने तत्काळ दिले. माझ्या मुलाच्या मते जागेसारखी दुसरी मिळकत नाही. जावयाच्या मते भाडेकरू म्हणजे डोक्याला ताप. माझी पत्नी एवढेच म्हणाली, "सोनं घ्या, त्याला गळती लागत नाही." मी मात्र गप्प राहिलो. मला मत नव्हते असे नाही. उलट दोन मते होती, आणि ती आयुष्यभर एकमेकांशी भांडत आली आहेत. कारण मी बिऱ्हाडकरूचा मुलगा आहे आणि घरमालकाचा नातूही आहे.

माझे वडील गिरगावातल्या एका चाळीत दीड खोलीत राहत. माझ्या आईचे वडील, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणत असू, त्यांची दादरला सहा बिऱ्हाडांची एक लहानशी दुमजली इमारत होती. म्हणजे माझ्या एका घरी महिन्याच्या पाच तारखेला भाडे जाई, आणि दुसऱ्या घरी त्याच तारखेला भाडे येई. या दोन्ही घरांचा इतिहास सांगायचा तर मुंबईतील भाड्याच्या घरांचाच इतिहास सांगावा लागेल. नातीला त्या दिवशी तो पुरा सांगता आला नाही, पाहुणे आले. तो येथे सांगतो. वाचकांपैकी कोणाच्या मनात असा बेत असेल, तर त्यालाही तो उपयोगी पडेल.

मुंबईत घर भाड्याने देणे हा मोठा धंदा झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली. मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्रात भर घालण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरांचा जुगार माजला. १८६५ साली लढाई थांबली आणि तो फुगा फुटला. रात्रीत श्रीमंत झालेले लोक रात्रीत भिकेस लागले. १८६४ च्या गणतीत मुंबईची वस्ती आठ लाखांवर होती; १८७२ साली ती साडेसहा लाखांच्याही खाली आली होती.

पण एक गोष्ट त्या पुराने मागे ठेवली. कागदाचे शेअर रद्दी झाले, तरी जमीन जागच्या जागी होती. गिरण्या वाढत होत्या, त्यांची भोंग्याची हाक कोकणात आणि घाटावर पोचत होती. रत्नागिरीहून, साताऱ्याहून माणसे येत होती, आणि त्यांना रात्री पाठ टेकायला जागा हवी होती. फणसवाडी, केळेवाडी अशी आजही गिरगावच्या बाजूला जी नावे उरली आहेत, ती एके काळच्या बागांची आहेत. त्या बागांतली झाडे गेली आणि त्या जागी चाळी उभ्या राहिल्या.

चाळ ही कोणी सौंदर्यासाठी बांधलेली इमारत नव्हे. ती हिशेबातून जन्मली आहे. एक जिना, लांब गॅलरी, गॅलरीला लागून ओळीने खोल्या, मजल्याच्या टोकाला सगळ्यांचे मिळून नळ आणि शौचकूप. स्वतंत्र घराला जो खर्च येतो तो दहा खोल्यांत वाटला की खोलीमागे खर्च थोडा. भाडेही थोडे, पण देणारे पुष्कळ. एक खोली रिकामी पडली तरी बाकीच्या खोल्या मालकाला उपाशी ठेवीत नाहीत. कापसाचे व्यापारी, बांधकामाचे ठेकेदार, धर्मादाय न्यास, अशा अनेकांनी या हिशेबावर पैसा लावला. मालक बहुधा दुसरीकडे राहत असे. भाडे वसूल करायला त्याचा मेहता येई, आणि पावतीपुस्तक काखोटीला मारून दारोदार फिरे.

भाडेकऱ्याचाही हिशेब होता. गिरणीतला माणूस एकटा खोली घेत नसे. एका गावचे दहा-पंधरा गडी मिळून एक खोली घेत. दिवसपाळीवाले कामावर गेले की रात्रपाळीवाले त्याच जागेवर अंथरूण पसरीत. भिंतीवरच्या खुंट्या आणि कोपऱ्यातली ट्रंक एवढीच प्रत्येकाची मालमत्ता. तरीही या दाटीतून काही चांगले निघाले हे विसरता येत नाही. गिरगावातल्या केशवजी नाईक यांच्या चाळींत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, आणि १९०१ साली तेथे लोकमान्य टिळक आले होते. बंगल्यांच्या वस्तीत ही गोष्ट इतक्या सहज घडली नसती.

आता या हिशेबातली चूक सांगतो. मालकाने जमिनीचा भाव धरला होता, सागवानाचा धरला होता, व्याज धरले होते. हवा, उजेड आणि पाणी मात्र धरलेच नव्हते. कारण त्यांचे भाडे येत नसे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि ही न धरलेली रक्कम एकदम वसूल झाली. लाखो माणसे शहर सोडून पळाली. अंधाऱ्या खोल्यांत ऊन शिरावे म्हणून सरकारी माणसे कौले काढू लागली. राहण्यास नालायक ठरलेल्या खोल्यांच्या भिंतींवर 'यू. एच्. एच्.' अशी इंग्रजी अक्षरे रंगवली गेली. ज्या खोलीवर ती अक्षरे उमटली तिचे भाडे शून्य.

मग १८९८ च्या कायद्याने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने गल्लीबोळ फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. रस्त्यांत चाळी गेल्या. पण पाडणे लवकर होते, बांधणे सावकाश. ज्यांची खोली पाडली त्यांनी शेजारच्या चाळीत दाटी केली आणि तेथले भाडे चढले. चांगल्या हेतूने केलेल्या कामाचा बोजा कधी कधी ज्याच्यासाठी ते काम करायचे त्याच्याच डोक्यावर बसतो, याचे हे पहिले उदाहरण. पुढे आणखी येतील.

या साऱ्यातून एक तिसरी वाट काही शहाण्या लोकांनी काढली. १९१५ साली गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहसंस्था स्थापन केली. रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. राहणारे हेच मिळून मालक, अशी ती कल्पना. पण सहकारी घरासाठी आरंभी काही भांडवल लागते, आणि गिरणीत जाणाऱ्या माणसापाशी ते नव्हते. त्याला खोली भाड्यानेच घ्यावी लागणार होती.

पहिले महायुद्ध आले. माल महागला, बांधकाम थांबले, माणसे वाढली आणि भाडी भडकली. तेव्हा १९१८ साली सरकारने भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा केला, आणि १ जानेवारी १९१६ च्या भाड्याला गाठ मारली. युद्धकाळापुरता म्हणून आलेला तो कायदा दहाएक वर्षांनी उठला. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण नानांनी ती लक्षात ठेवली होती आणि तिच्यावर विसंबूनच ते फसले.

मधल्या काळात सरकार स्वतःच घरमालक झाले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली विकास खाते काढले. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला आणि गिरणीकामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या सुमारे सोळा हजार. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथल्या या २०७ इमारतींना पुढे लोक 'बीडीडी चाळी' म्हणू लागले. त्यांची मौज अशी की, शहरात माणसे जिन्याखाली झोपत असताना वरळीच्या खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या होत्या. गिरणी दूर, बाजार दूर, आणि भाडे कामगाराच्या खिशाबाहेरचे. सत्याग्रहाच्या दिवसांत तर तेथल्या चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला. खोली बांधली म्हणजे बिऱ्हाडकरू येतोच असे नाही, हा धडा सरकारने लाखो रुपये खर्चून घेतला आहे. आपल्याला तो फुकट मिळतो.

येथे आमचे नाना प्रवेश करतात. ते मामलेदार कचेरीत शिरस्तेदार होते. १९३५ साली पेन्शनीत निघाले. १९१३-१४ च्या सुमारास एकामागून एक बँका बुडाल्या तो काळ त्यांनी पाहिला होता, म्हणून बँकेवर विश्वास नाही. कोकणातली आंब्याची बाग विकली, आजीच्या पाटल्या मोडल्या आणि दादरला भाडेपट्ट्याच्या जागेवर उभी असलेली एक लहान इमारत १६,००० रुपयांस घेतली. तीत दोन-दोन खोल्यांची सहा बिऱ्हाडे होती. दर बिऱ्हाडाचे भाडे अठरा रुपये. महिन्याचे १०८, वर्षाचे १,२९६. म्हणजे शेकडा आठ टक्के झाले. त्या मंदीच्या दिवसांत हे उत्पन्न वाईट नव्हते. मात्र बिऱ्हाडकरू मिळवावा लागे. 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी लावून नाना दोन महिने वाट पाहत बसल्याचे आई सांगे. तेव्हा निवड भाडेकरू करी, मालक नव्हे.

नानांची हिशेबाची वही माझ्यापाशी आहे. लाल कापडी बांधणी, आत बोरूने लिहिल्यासारखे वळणदार अक्षर. खर्चाच्या बाजूस पहिला रकाना नगरपालिकेच्या पट्टीचा नाही, जमिनीच्या भाड्याचाही नाही. पहिल्या रकान्याचे शीर्षक आहे, 'भिंतीचा वाटा'. दरसाल २१६ रुपये, म्हणजे भाड्याचा सहावा हिस्सा, ते आधी बाजूला काढीत आणि मगच उरलेल्याला उत्पन्न म्हणत. हा सहावा हिस्सा त्यांनी मनाने ठरवला नव्हता. १९२२ च्या प्राप्तिकराच्या कायद्यात घराच्या उत्पन्नातून दुरुस्तीपोटी एक-षष्ठांश वजावट होती. मुंबई नगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यातही घरपट्टी ठरवताना वार्षिक भाड्यातून दुरुस्ती वगैरेंसाठी दहावा हिस्सा वजा करीत. नाना कचेरीतले माणूस, म्हणून त्यांना यातली मेख कळली. ते म्हणत, "सरकार सूट देतं ती मला नाही देत. भिंतीला देतं. ती मी खाल्ली तर चोरी."

पुष्कळ मालकांनी ती खाल्ली. भाडे हातात आले की ते सारेच आपले वाटते, आणि भिंत काही पाच तारखेला मागायला येत नाही.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि चित्र उलटले. मुंबईत माणसांची रीघ लागली. 'भाड्याने देणे' च्या पाट्या दिसेनाशा झाल्या. १९३९ साली एक कायदा आला, १९४४ साली दुसरा. मग फाळणी झाली, निर्वासित आले, आणि १९४७ चा तो प्रसिद्ध भाडेनियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाणभूत धरायचे, आणि भाडे नियमितपणे देणाऱ्या भाडेकरूला कायद्यात सांगितलेल्या कारणांवाचून काढायचे नाही, हे त्याचे सार. कायदा ठराविक मुदतीचा होता. नाना निश्चिंत होते. मागचा कायदा उठला तसा हाही उठेल, असे ते सर्वांना सांगत. कायदा उठला नाही. त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली.

या कायद्याला नावे ठेवण्यापूर्वी मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्यावाचून मी शिकलो नसतो. माझे वडील एका पेढीवर कारकून. दीड खोलीचे भाडे अकरा रुपये. ते बाजारभावाने चढले असते तर आम्हांला गाशा गुंडाळून गावी जावे लागले असते, आणि मी आज दिवाळी अंकात लिहिण्याऐवजी कोठे असतो कोण जाणे. गिरगाव, लालबाग, परळ येथल्या हजारो मुलांच्या शाळा, नाटके, वाचनालये या कायद्याच्या आसऱ्याने वाढली. हे उपकार मी विसरणार नाही.

पण त्याच वेळी नानांच्या वहीत काय चालले होते? जमेच्या बाजूस १,२९६ हा आकडा जणू दगडात कोरला होता. वाढलेल्या पट्टीपैकी काही भाग भाडेकऱ्यांकडून घेता येई, तेवढाच दिलासा. भिंतीचा वाटाही २१६ च राहिला. चुना, सागवान, गवंड्याची मजुरी मात्र वर्षावर्षाला चढत होती. १९३७ साली त्या २१६ रुपयांत सगळ्या इमारतीला चुना लागून मोरीची फरशीही बदलली गेली होती. १९५६ साली तेवढ्यात एका बाजूची कौले चाळून झाली.

त्याच वर्षीच्या दिवाळीतला एक प्रसंग मला आठवतो. मी सोळा वर्षांचा होतो. पाडव्याला आम्ही नानांकडे जेवायला गेलो होतो. पानसुपारी झाल्यावर भाड्याचा विषय निघाला. वडील जरा आवेशाने म्हणाले, "नाना, राग मानू नका, पण हा कायदा नसता तर आम्ही या शहरात राहिलोच नसतो."

नानांनी अडकित्ता खाली ठेवला. म्हणाले, "खरं आहे तुमचं, अण्णा. पण तो असाच राहिला तर तुमची चाळ राहणार नाही."

दोघेही हसले आणि विषय बदलला. जावई आणि सासरे सणाच्या दिवशी याहून अधिक काय बोलणार? पण दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि ते पुढे अकरा वर्षांत मी डोळ्यांनी पाहिले.

आमच्या चाळीचा मालक दुरुस्ती करीत नसे. त्याचे म्हणणे, अकरा रुपयांत काय होते? ते हिशेबाने खरे होते. चाळीत सभा झाली. एका वयस्क गृहस्थांनी सुचवले की, घरटी पंचवीस रुपये वर्गणी काढून निदान गॅलरीचे वासे बदलू. सर्वांत आधी विरोध केला तो माझ्या वडिलांनी. ते म्हणाले, "घर मालकाचं. दुरुस्ती त्याचं कर्तव्य. आज आपण पैसे दिले तर उद्या तो सगळंच आपल्यावर ढकलील." हेही कायद्याने खरे होते. सभा उठली. १९६७ च्या आषाढात संततधार लागली असताना दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा कठडा कोसळला. त्याबरोबर शेजारच्या काकू खाली आल्या. जीव वाचला, पाय मात्र कायमचा गेला. वडील त्यांना दर आठवड्याला रुग्णालयात भेटायला जात. मरेपर्यंत त्यांनी त्या सभेविषयी एक अक्षर काढले नाही. मीही कधी विचारले नाही. मालकाचे खरे होते, वडिलांचे खरे होते. भिंतीचे कोणी ऐकले नाही.

आमच्यासारख्या चाळी शेकड्यांनी होत्या. १९६९ साली सरकारने इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा केला. जुन्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्यातून दुरुस्ती करायची, अशी योजना. साडेएकोणीस हजारांहून अधिक इमारती तिच्यात आल्या. म्हणजे मालकाने जो वाटा काढला नाही तो आता कराच्या रूपाने काढावा लागला, आणि तोही उशिरा. लाकडी टेकू लावलेल्या इमारती हे दक्षिण मुंबईचे नेहमीचे दृश्य झाले. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारात एक जुनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. ती बातमी वाचताना माझ्या कानांत १९६७ चा तो आवाज पुन्हा घुमला.

भाडे गोठल्याचे आणखी दोन परिणाम झाले. पहिला पागडीचा. भाड्याने जे मिळत नाही ते खोलीच्या हस्तांतरात उघडे किंवा लपून मिळू लागले. जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून मोठी रक्कम घेई आणि तिच्यातला वाटा मालकाला देई. कायद्याने हा गुन्हा होता, व्यवहारात रिवाज. दुसरा परिणाम असा की भाड्याने देण्यासाठी कोणी बांधीनासे झाले. बांधून विकणे सुरू झाले; 'ओनरशिप' हा शब्द घराघरांत आला, आणि १९६३ साली त्या व्यवहारासाठी वेगळा कायदा करावा लागला. ज्याच्यापाशी विकत घेण्याइतका पैसा नाही त्याच्यासाठी मग झोपडपट्टी उरली. काहींनी 'भाडेकरू' हा शब्द टाळून परवानगीचा करार करून जागा द्यायला सुरुवात केली. पण १९७३ साली दुरुस्ती झाली, आणि त्या वर्षाच्या १ फेब्रुवारीला जे अशा करारावर जागेत राहत होते तेही भाडेकरू ठरले. मालकांनी धडा घेतला आणि रिकाम्या जागांना कुलपे लावली.

नानांचे काय झाले? त्यांनी वाटा काढणे शेवटपर्यंत सोडले नाही. ते १९६४ साली वारले. मामांनी ती इमारत पुढे राहणाऱ्यांनाच विकून टाकली. आलेली रक्कम सहा भावंडांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला जे आले त्यात आजीच्या पाटल्याही परत झाल्या नसत्या. पण ती इमारत उभी होती. सहा घरांपैकी एकाचेही छप्पर गळत नव्हते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की, भाडे असे गोठवून ठेवण्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात दरसाल चार टक्के भाडेवाढीस मुभा मिळाली, पागडीला कायद्याची मान्यता मिळाली आणि राहण्याच्या परवानगीचा करार लेखी व नोंदणीकृत हवा, ती नोंदणीची जबाबदारी मालकाची, असे ठरले. हल्ली आपण जो अकरा महिन्यांचा करार करतो तो याच वाटेने आलेला आहे. घरपट्टीही २०१० पासून मुंबईत भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर आकारू लागले, कारण गोठलेल्या भाड्याबरोबर नगरपालिकेचे उत्पन्नही गोठले होते.

आता नातीच्या प्रश्नाकडे वळतो. तिने आकडे सांगितले होते: किंमत साठ लाख, भाडे अठरा हजार. वर्षाचे २,१६,००० म्हणजे शेकडा साडेतीन टक्क्यांहून थोडे अधिक. पण भाडेकरू बदलताना एखादा महिना रिकामा जातोच, उरले १,९८,०००. सोसायटीची वर्गणी महिना अडीच हजार धरली तर वर्षाचे ३०,०००, आणि घरपट्टीचे अंदाजे ८,०००. नानांच्या नियमाने सहावा हिस्सा भिंतीचा, ३३,०००. शिल्लक १,२७,०००, शेकडा दोन टक्क्यांच्या किंचित वर. दलाली, मुद्रांकशुल्क आणि प्राप्तिकर यांत धरलेला नाही. घरासाठी बँकेचे कर्ज काढले तर व्याज याच्या कितीतरी पट. तेव्हा 'घरबसल्या पैसे' हे शब्द तेवढे खोडून टाकावेत. जागेचा भाव वाढेल ही आशा खोटी नाही, पण ती आशा आहे, भाडे नव्हे. दोन्ही एकाच रकान्यात लिहू नयेत.

आणि प्राप्तिकराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: नानांच्या काळची ती एक-षष्ठांश वजावट वाढत वाढत आता तीस टक्क्यांवर आली आहे. प्रत्यक्ष खर्च करा अथवा न करा, ती मिळते. म्हणूनच ती खाण्याचा मोह अधिक.

पाहुणे गेल्यावर मी कपाटातून ती लाल वही काढून नातीपुढे ठेवली. तिने पाने उलटली. पहिल्या रकान्यावर बोट ठेवून विचारले, "अप्पा, हे काय?" मी सांगितले. ती बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, "म्हणजे घेऊ नको म्हणता?"

मी म्हटले, "तसं कुठं म्हणतोय? शहरात नवं माणूस येणारच, आणि त्याला पहिल्या रात्री छप्पर लागणारच. ते कोणीतरी द्यायला हवं. माझ्या वडिलांना कोणीतरी दिलं म्हणून तू आज इथं आहेस. घ्यायचा तर घे. करार नोंदव, भाडं बेताचं ठेव, माणूस बघून दे. फक्त वही घातलीस की पहिला रकाना हा घाल."

तिने मोबाइलमध्ये त्या पानाचा फोटो काढून घेतला. फ्लॅट घेतला की नाही ते मला अजून कळलेले नाही. यंदा दिवाळीला येईल तेव्हा विचारीन.